जिथं लाट फुटत नाही

वैनगंगेच्या काठावर, वडशाच्या खाली दोन कोसांवर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती होती. त्या वस्तीत भागीरथाबाई धाकट्या भावाकडे, इस्तारीकडे राहायची. पंचवीस वर्षांमागे एका भादव्यात तिचा नवरा लटारू पुरात सुटलेला डोंगा धरायला गेला आणि डोंग्यासकट वाहून गेला. डोंगा तिसऱ्या दिवशी खालच्या गावी झुडपात अडकलेला मिळाला. लटारू मिळाला नाही. लोकांनी आठ दिवस काठ धुंडाळला. मग कुणीतरी म्हणालं, "गेला बाई तो नदीसंगं," आणि सगळे घरी परतले.

भागीरथाबाईच्या मनात तेवढंच वाक्य राहिलं. नदीसंगं गेला, पण नदी कुठे जाते? डोंग्यातून पलीकडे जाणाऱ्या बाजारकरूंना ती विचारायची. कुणी सांगे पुढे वर्धा मिळते, कुणी सांगे तिची प्राणहिता होते. इस्तारीची बायको सुकरी सिरोंच्याकडची. तिनं लहानपणी प्राणहिता गोदावरीत शिरताना पाहिली होती. त्याच्यापुढे, ती म्हणे, तेलंग्यांचा मुलूख आणि मग समुद्र.

चोपन्न सालच्या दिवाळीत भागीरथाबाईनं भावाला सांगितलं, "इस्तारी, मले नदी संपते ते जागा पाह्याची आहे. कार्तिकाचं न्हानं तिथीच करीन. मंग तुले काई मांगनार नाई."

"बाई, लय दूर आहे ते."

"तो गेला ना तिथवर? मीबी जाईन."

इस्तारीनं सुकरीलाही बरोबर घेतलं. तिघं निघाली. वडशाहून छोट्या गाडीनं चांदा, तिथून बल्लारशा, मग मोठ्या गाडीत कोंबून बेजवाडा, तिथे गाडी बदलून नरसापूर. नरसापूरला गोदावरीचा एक फाटा समुद्राकडे जातो. त्यातून यात्रेकरूंच्या नावा खाली संगमाच्या देवळाकडे जात. नावेत बसल्यापासून भागीरथाबाई नावेच्या कडेवरून हात सोडून पाणी तोंडाला लावत होती. "गोड आहे," ती म्हणायची. थोड्या वेळानं पुन्हा, "गोड आहे." दुपार कलली तेव्हा तिनं ओंजळ तोंडाशी नेली आणि तशीच थांबली.

"काय झालं, बाई?" सुकरीनं विचारलं.

"खारट लागून राह्यलं व." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

नाव किनाऱ्याला लागल्यावर वाळूची एक लांब टेकडी चढावी लागे. टेकडीच्या अलीकडूनच आवाज येत होता. इस्तारीला आधी वाटलं, पलीकडून मालगाडी चालली आहे. पण ती गाडी संपेना. तो सगळ्यांत आधी वर पोचला आणि त्याचे पाय वाळूत रुतून राहिले.

त्यानं आयुष्यभर पाणी पाहिलं होतं. पण पाण्याला नेहमी दुसरा काठ असे. पुरात तो काठ कोसभर लांब गेला तरी तिकडची झाडं दिसत. इथे समोर काठच नव्हता. पाणी दूर जात जात आभाळाला टेकलं होतं आणि ते सगळंच्या सगळं हलत होतं. आतून एक उंचवटा उठे, घरासारखा वर होई, कडेला पांढरा पडे आणि कोसळे. लगेच त्याच्यामागे दुसरा. कोण ढकलून राह्यलं ह्याले, असं त्याच्या मनात आलं. वारा तर एवढा नव्हता.

भागीरथाबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "मी त्याले एवढ्याशा नदीत शोधून राह्यली होती."

ती रात्र त्यांनी देवळाच्या धर्मशाळेत काढली. सकाळी तिघं स्नानाला आली तेव्हा किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. पोलय्या त्याचं नाव. डोक्याला लाल मुंडासं, अंगावर लंगोटी, कातडी वाळल्या माशासारखी. तिघांना पाण्याकडे जाताना पाहून त्यानं हाक मारली. सुकरीला तेलुगू येत होतं. ती त्याला "तात" म्हणाली, म्हणजे आजोबा, तसा म्हातारा खुलला आणि हात नाचवत बरंच काही बोलला.

"काय म्हनते?" इस्तारीनं विचारलं.

"म्हनते, आंग धुवाचं तर तिथी धुवा, जिथी कोळ्याच्या बाया उभ्या आहेत. गुडघाभर पान्यात. आनं तिथी जाऊ नका." सुकरीनं बोट दाखवलं.

त्या जागी लाटा फुटत नव्हत्या. दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत होता आणि मध्ये पंधरावीस हात रुंदीचा एक पट्टा गडद, गुळगुळीत, शांत पडला होता.

इस्तारी हसला. "तो तं डोहासारखा आहे. पोहनाऱ्याले तिथी कायची भीती? भीती तं ह्या लाटायची."

सुकरीनं ते सांगितलं. पोलय्या हसला नाही. "वद्दु," तो एवढंच म्हणाला. नको.

कोळणींच्या शेजारी तिघांनी अंग भिजवलं. लाट पायांखालची वाळू ओढून नेई तेव्हा सुकरी किंचाळून नणंदेचा हात धरी. मग भागीरथाबाईनं पदरात बांधून आणलेलं सोडलं. घरच्या धानाचे मूठभर तांदूळ आणि झेंडूची फुलं पळसाच्या द्रोणात ठेवून तिनं तो द्रोण पाण्यावर सोडला. लाट आली आणि द्रोण तिच्या पायाशी आणून उलटा केला. तिनं फुलं गोळा करून पुन्हा सोडली. लाटेनं पुन्हा परत आणली. तिसऱ्यांदाही तसंच झालं.

"घेत नाई तो," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

इस्तारी आणि सुकरी लुगडं पिळायला वर वाळूत गेली. भागीरथाबाई ओंजळीत ओली फुलं घेऊन काठाकाठानं चालू लागली. त्या गुळगुळीत पट्ट्यापाशी तिनं एक फूल टाकलं. ते परत आलं नाही. ते सरळ, संथपणे, कुणी बोलावल्यासारखं आत निघालं. तिनं दुसरं टाकलं, तेही गेलं. मग ती त्या फुलांच्या मागे गुडघाभर शिरली, मांडीभर शिरली, उरलेली सगळी फुलं सोडली, आणि पायाखालची वाळू सरकली.

सुकरीनं वळून पाहिलं तेव्हा भागीरथाबाईचं डोकं काठापासून तीस हातांवर होतं.

इस्तारीनं विचार केला नाही. धावत जाऊन त्यानं उडी घेतली. दहा हात मारायच्या आत त्याला कळलं की इथे हात मारायची गरजच नाही. पाणीच त्याला नेत होतं. वैनगंगेच्या पुराइतकी ओढ, पण वरून एक भोवरा नाही, आवाज नाही. बहिणीपाशी तो क्षणात पोचला. ती ढिवराची लेक, पाण्यावर तरंगून होती.

"धर खांद्याले," तो म्हणाला आणि काठाकडे तोंड करून पोहू लागला.

तो पूर्ण ताकदीनं पोहला. वर तोंड काढलं तर काठ आधीपेक्षा लांब. पुन्हा पोहला. देऊळ लहान झालं होतं. छाती भात्यासारखी चालत होती, हात शिशाचे झाले होते. नदीत तो कधी धारेच्या विरुद्ध पोहत नसे. धार आडवी कापायची आणि काठाला लागायचं, हे तो पोरांनाही शिकवी. पण इथे काठ तर समोर होता आणि धार त्या काठाकडूनच येत होती! असली नदी त्यानं पाहिलीच नव्हती.

किनाऱ्यावर सुकरी पाण्याकडे धावली होती. पोलय्यानं तिचा दंड पकडला. "आत दोघं आहेत, तिसरं नको," तो ओरडला. "मी तराफा ढकलायला सांगतो. तू त्यांच्यावरची नजर काढू नकोस, बोट दाखवत राहा." त्यानं तरण्या कोळ्यांना हाक दिली. मग डोक्याचं मुंडासं सोडून दोन्ही हातांनी उंच धरलं आणि काठाकाठानं उजवीकडे चालू लागला. चालायचा, ते कापड त्या दिशेला फेकल्यासारखं करायचा, पुन्हा चालायचा.

इस्तारीला आवाज काहीच ऐकू येत नव्हता. लाल कापड दिसत होतं. म्हातारा त्याच्याकडे का येत नाही? बाजूला काऊन जाऊन राह्यला?

खांद्यावरून भागीरथाबाई बोलली. तिचा श्वास तुटत होता, पण आवाज शांत होता. "इस्तारी, ते फेस पाह्य. दोन्हीकून. तेच काठ आहेत बाबू. आपुन नदीत आहो."

इस्तारीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आणि त्याला दिसलं. समुद्राच्या आत एक नदी वाहत होती. लाटांनी काठावर लोटलेलं सगळं पाणी ह्याच वाटेनं परत चाललं होतं. तिचे काठ मातीचे नव्हते, फुटणाऱ्या लाटांचे होते. ज्या लाटांना तो भीत होता, त्याच काठ होत्या. त्या घटकेला, बुडायच्या बेतात असताना, त्याच्या अंगावर जो काटा आला तो भीतीचा नव्हता.

त्यानं काठाचा नाद सोडला. म्हाताऱ्याच्या कापडाच्या दिशेनं तो आडवा निघाला. सावकाश, दम राखून, वाहत गेलं तर जाऊ दे म्हणत. पंधरा-वीस हातांत ओढ सुटली. एकदम सुटली, कुणी मूठ उघडावी तशी. मग पाठीमागून गर्जना आली.

"श्वास घे, बाई!"

लाटेनं दोघांना उचललं, पालथं केलं, पाण्याखाली दाबलं आणि पुढे फेकलं. दुसरीनं तेच केलं. इस्तारीनं बहिणीचं मनगट सोडलं नाही. तिसऱ्या लाटेनंतर त्याच्या गुडघ्याला वाळू लागली, आणि तराफा घेऊन निघालेल्या तरण्या कोळ्यांनी कमरेएवढ्या पाण्यात येऊन दोघांना धरलं.

भागीरथाबाई वाळूत पडून बराच वेळ खारं पाणी ओकत होती. सुकरी तिची पाठ चोळत रडत होती आणि नवऱ्याला शिव्या घालत होती. इस्तारी उठला, धडपडत पोलय्यापाशी गेला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्यानं त्याला उठवलं. सुकरीला हाक मारून तो काहीतरी बोलला.

"काय म्हनते?"

सुकरीनं नाक पुसलं. "म्हनते, ती वाट रोज एका जागी नसते. आज इथी, उद्या तिथी. त्याचा जनम इथीच गेला, तरी रोज सकाळी पान्यात पाय टाकाच्या आधी तो पाह्यत बसते."

दुसऱ्या दिवशी परतायचं होतं, पण ती तिघं अजून तीन दिवस राहिली. इस्तारी पहाट फुटताच पोलय्याच्या शेजारी जाऊन बसे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हातारा बोटानं दाखवी: लाट कुठे फुटते, कुठे फुटत नाही, फेस कुठून आत सरकतो, गढूळ पाणी कुठे वळतं. इस्तारी मान हलवी. कधी तो आधी बोट दाखवी आणि म्हातारा मान हलवी. त्या वेळी त्याला पोरासारखा आनंद होई.

शेवटच्या सकाळी भागीरथाबाई म्हणाली, "मले अजून एकडाव न्हायचं आहे."

सुकरी घाबरली. इस्तारीनं पोलय्याकडे पाहिलं, मग दोघांनी मिळून पाण्याकडे पाहिलं. वाट आज देवळाच्या बाजूला सरकली होती. कोळणी उलट दिशेला उभ्या होत्या. तिघं तिकडे गेली. भागीरथाबाई गुडघाभर पाण्यात पाय रोवून थांबली, एक हात भावाच्या हातात, एक सुकरीच्या. या वेळी ओंजळीत काही नव्हतं. लाट आली, तिच्या छातीवर फुटली, आणि ती मोठ्यानं हसली. इस्तारीनं पंचवीस वर्षांत तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

"गाडी चुकंल, बाई," तो म्हणाला.

"चुकू दे," ती म्हणाली. "ते पाह्य, त्याच्यापेक्षा मोठी येऊन राह्यली."