'खराब' अशी चिठ्ठी लागलेला रिसीव्हर

मी एक रिसीव्हर बोलतोय. फोनचा नव्हे, आणि बातम्या लागतात त्या रेडिओचाही नव्हे. लहान लहान विमानं उडवणारी मोठी मोठी माणसं असतात ना, त्यांच्या विमानाच्या पोटात मी बसतो. जमिनीवर उभा राहून माणूस रिमोटच्या दांड्या हलवतो, रिमोट ते मला कळवतो आणि मी ते मोटारीला आणि पंखांना सांगतो. निरोप्या म्हणा हवं तर. काडेपेटीएवढा जीव, काळा रंग, अंगाला केसासारख्या दोन तारा. रूपाचं म्हणाल तर आनंदच आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने पोटात भाग बसवले, दुसरीने कथलाचे डाग देऊन ते पक्के केले आणि शेवटच्या माणसाने तपासून पाठीवर 'पास'चा शिक्का मारला. त्याला दहा सेकंद लागले. पुढे ज्या गृहस्थांनी मला विकत घेतलं, त्यांना मला निवडायला अकरा आठवडे लागले.

या गृहस्थांचं चष्म्याचं दुकान आहे. विमानं उडवणाऱ्यांच्या मंडळात त्यांना सगळे 'अभ्यासू' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात असा त्यांचा समज आहे.

विमान मात्र त्यांचं नव्हतं, त्यांच्या ताईचं होतं. ताई दातांच्या कवळ्या बनवायची. तीस वर्षं तिने लोकांना हसतं ठेवलं. मग हाताला कंप सुटला आणि ते काम गेलं. घरी बसून कंटाळली तेव्हा तिने भावाकडून हलक्या लाकडाच्या पट्ट्या मागवल्या आणि विमान जोडायला घेतलं. सकाळचा जेमतेम तासभर हात स्थिर असायचे, तेवढ्यात जमेल तेवढं. चौदा महिने लागले. शेवटची पट्टी चिकटवून झाल्यावर ती म्हणाली, "हे पहिलं आणि हेच शेवटचं. आता हात साथ देणार नाहीत. उडवायचं तू."

भावाचा ताईवर फार जीव. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, "तुझ्या विमानात ऐरागैरा रिसीव्हर बसवायचा नाही. भरवशाचाच आणणार."

मग अभ्यास सुरू झाला. अभ्यासूंनी इंटरनेटवर अनोळखी माणसांची मतं वाचली, त्यांचे तक्ते केले, तक्त्यांचे तक्ते केले. दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं की ते म्हणत, "खालची ओळ वाचा. वाचता येतेय? छान. तुमच्या ओळखीत कुणी विमान उडवतं का हो?"

शेवटी ते माझ्या दुकानदाराकडे आले. तो सहाव्यांदा त्यांना बघून गळून गेला होता.

"साहेब, हा घ्या. साधा आहे, पण निरोप चुकवत नाही."

"लांब कुठपर्यंत चालतो?"

"तुमची नजर पोचेल त्याच्याही पुढे."

"माझी की माझ्या गिऱ्हाइकांची?"

दुकानदाराने मला न विचारताच पिशवीत घातलं.

घरी आल्यावर माझी आणि रिमोटची ओळख करून द्यायची असते. ती झाली की मी त्याच एका रिमोटचं ऐकतो. माझ्यासोबत एक घडी घातलेला कागद येतो, त्यावर कृती लिहिलेली असते. तिसरी ओळ अशी: ओळख करून देताना मोटारीची दांडी पूर्ण खाली, म्हणजे बंदवर, ठेवा. कारण त्या क्षणी दांडी जिथे असेल, ते मी मनात पक्कं धरतो. पुढे कधी रिमोटचा आवाज येईनासा झाला, तर मी तेच करत राहतो.

ताई म्हणाली, "अरे, तो कागद वाच ना."

"अकरा आठवडे वाचतोच आहे!" अभ्यासू म्हणाले. अक्षरं बारीक होती आणि चष्मा कपाळावर होता. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावणाऱ्या माणसाने कागद पिशवीतच ठेवला आणि माझं बटण दाबलं. मोटारीची दांडी तेव्हा पूर्ण वर होती. मोटारीची वायर लावायची राहिली होती, त्यामुळे कुणाला काही ऐकू आलं नाही. मी मात्र शिकलो: आवाज बंद झाला की मोटार पूर्ण जोरात. मला ते पटलं नव्हतं, पण मला विचारतो कोण? माझ्याजवळ एक दिवा आहे, तो मी दोनदा लुकलुकवला. अभ्यासू म्हणाले, "वा!"

रविवारी सकाळी मैदानावर मंडळ जमलं. ताईचं विमान उडालं आणि सगळे बोलायचे थांबले. मी एकही निरोप चुकवला नाही. ताई खुर्चीत बसली नाही, उभीच होती, आणि तिचे डोळे भरले होते. विमान अलगद उतरलं. टाळ्या पडल्या.

आता या छंदात एक नियम आहे. आधी विमानाची बॅटरी काढायची, मग रिमोट बंद करायचा. अभ्यासू तो प्रत्येक नवख्याला समजावून सांगतात. पण त्या दिवशी चारी बाजूंनी माणसं हात मिळवायला आली, आणि हात तर दोनच. त्यांनी रिमोट बंद करून काखेत मारला.

ताई तेव्हा विमान उचलायला वाकली होती.

रिमोटचा आवाज गेला आणि मी मला शिकवलेलं केलं. मोटार गरजली, नाकावरचा पंखा फिरला, ताईचा तळहात फाटला. विमान तसंच सुटलं आणि अध्यक्षांच्या घडीच्या खुर्चीवर जाऊन आदळलं; खुर्ची मोडली, विमान वाचलं. अभ्यासू "ताई!" म्हणून ओरडत धावले, चष्मा पडला तोही त्यांनी उचलला नाही. तिच्या हाताला चार टाके पडले. ते टाके माझ्यामुळे पडले, आणि ते अजून माझ्या मनातून जात नाहीत.

संध्याकाळपर्यंत अभ्यासूंचा निष्कर्ष तयार होता. रिसीव्हर खराब. इंटरनेटवर त्यांनी माझ्याविषयी असं काही लिहिलं की माझ्या भावंडांना गिऱ्हाईक मिळेना. माझ्या पाठीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात 'खराब' अशी चिठ्ठी चिकटवली, 'पास'च्या शिक्क्यावरच.

टाके निघाल्यावर ताईने मला खोक्यातून काढलं. विमानाचा पंखा काढून ठेवला, मला विमानात जोडून सगळं सुरू केलं आणि रिमोट बंद केला. मोटार गरजली. परत केलं, परत गरजली. पाच वेळा केलं. मग भावाला हाक मारली.

"अरे, खराब वस्तू दर वेळी वेगळी वागते. हा दर वेळी तेच करतोय. याला कुणीतरी शिकवलंय हे."

"ताई, तू कवळ्यांचं सांग. यातलं तुला नाही कळायचं." बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते तिच्यासाठी चहा करायला गेले. पण मत काही बदललं नाही.

त्यांचा नवा अभ्यास सुरू झाला. इकडे ताईने त्यांच्याच दुकानातलं भिंग आणून कागद वाचला. तिसरी ओळ तिने दोनदा वाचली. दुसऱ्या सकाळी, हात स्थिर असतात त्या तासात, दांडी खाली दाबून धरून तिने मला नव्याने शिकवलं. "आवाज गेला की गप्प बसायचं," ती मला म्हणाली. इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

सात आठवड्यांनी सोनेरी डब्यातून नवा रिसीव्हर आला. अभ्यासूंनी त्याचीही तशीच ओळख करून दिली, कागद पिशवीत आणि दांडी वर. ते दुकानात गेल्यावर ताईने त्याला तपासलं. मोटार गरजली. ताई एकटीच बराच वेळ हसत बसली. मग तिने त्याला खोक्यात टाकलं, रिमोटशी माझी परत ओळख करून दिली, दांडी खाली धरूनच, आणि मला विमानात बसवलं.

गेल्या रविवारी विमान परत उडालं. टाळ्या परत पडल्या. अभ्यासूंनी परत रिमोट बंद करून काखेत मारला, आणि ताई परत विमानाकडे चालत आली. या वेळी शेपटीच्या बाजूने.

आवाज गेला. मी गप्प बसलो. पंखा हलला नाही.

तिने बॅटरी काढली, विमान उचलून छातीशी धरलं. तिच्या हातांचा कंप मला आत कळत होता.

"बघितलंत?" अभ्यासू मंडळाला सांगत होते. "रिसीव्हर असा निवडावा लागतो!"

"हो रे," ताई म्हणाली, "निवड तुझी चांगलीच आहे."

आणि ते खरंच होतं, मला त्यांनीच तर निवडलं होतं.

माझ्या पाठीवर ती चिठ्ठी अजून आहे. ताई म्हणते, राहू दे. माझीही तक्रार नाही. तुम्ही कधी माझ्या एखाद्या भावंडाला घरी नेलंत, तर एवढंच करा, सोबतचा कागद वाचा. अक्षरं बारीक असतात, चष्मा लागेल. तो कुठे मिळतो ते तुम्हाला आता ठाऊक आहेच.