लोदेहच्या लेखाचा पत्ता

बू रुक्मी, म्हणजे रुक्मीबाई, पाककृतींचा ब्लॉग चालवत; त्यावरच्या प्रत्येक लेखाचा इंटरनेटवरचा पत्ता वेनिंग ठरवायची. "पत्ता वाचून माझ्या म्हाताऱ्या मावशीलाही कळलं पाहिजे चुलीवर काय चढलंय ते," असं बू रुक्मी सगळ्यांना बजावत. आकडे नकोत, तारखा नकोत. पदार्थ, कुणाच्या हातचा, कुठल्या गावचा, बस. लोक शोधताना हेच शब्द टाकतात, म्हणून असे लेख शोधात वर येतात. वेनिंगचा स्वतःचा लेख, लोदेहचा म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाजीचा, दोन महिन्यांत सगळ्यात वर जाऊन बसला होता.

त्या सकाळी लेकीला, मेलातीला, बालवाडीत सोडून ती कामावर आली. ब्लॉगवरच्या शोधाच्या चौकटीत आदल्या दिवशी कोणी काय टाकलं, ते ती रोज आधी बघायची. सोयाबीनचे तेम्पे कुरकुरीत कसे करावे. नारळाचं दूध फाटलं तर. आणि खाली, एकामागून एक: मेलाती. मेलातीची आई. मेलाती कुठल्या शाळेत.

वेनिंगने ती यादी पुन्हा वरून खाली वाचली.

सुराबायाहून ती लेकीला घेऊन इथे सालातिगाला आली, त्याला सात महिने झाले होते. "तू कुठेही जा. पोरगी मी घेऊन येईन, आणि तुला तिचं तोंड दिसणार नाही," तिचा नवरा हर्योनो म्हणाला होता. जेवता जेवता, आवाजसुद्धा न चढवता. तो ओरडायचा तेव्हा ती इतकी घाबरत नसे.

पण लेकीचं नाव तर तिने कुठेच लिहिलं नव्हतं. तिने लेख उघडला. मथळा होता, 'घरगुती लोदेह'. मग नजर वर गेली. पत्त्यात अजून तसंच होतं: सालातिगा, मेलातीची आई, लोदेह.

गल्लीत तिला वेनिंग म्हणून कोण हाक मारतं? सगळ्यांची ती मेलातीची आईच. लेख लिहिताना 'सालातिगाच्या मेलातीच्या आईचं लोदेह' हाच मथळा हातून उतरला होता. जतन केल्यावर तिला भान आलं, मथळा तिने बदललाही. पत्ता मात्र पहिल्याच मथळ्यावरून बनला होता आणि मथळ्याबरोबर तो बदलत नाही. नव्या मुलींना हे तीच शिकवायची. त्या दिवशी मेलाती तापाने फणफणली होती, मांडीवर निजली होती, आणि पत्ता तसाच राहून गेला.

"काय गं, मीठ घालायचं विसरल्यासारखं तोंड केलंयस," बू रुक्मी चहा घेऊन आल्या.

वेनिंगने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. हर्योनोबद्दल त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शोधाची यादी वाचली, पत्ता वाचला, आणि कप खाली ठेवला.

"पत्ता बदल. जुन्यावरून येणारे नव्यावर जातील असं कर. वरची जागा तरी राहील."

"जुना पत्ता तसाच दिसत राहील, बू. शोधणाऱ्याला तो वाचता येईल. पानच काढायला हवं."

"अर्धे वाचक त्या पानावर येतात, पोरी."

वेनिंगने यादीतल्या 'मेलाती कुठल्या शाळेत' या ओळीवर बोट ठेवलं. बू रुक्मींनी खुर्ची ओढली आणि स्वतःच पान पुसून टाकलं.

"झालं?"

"गावाचं नाव त्याने वाचलंय, बू. बालवाड्या आहेत तरी किती इथे?"

बू रुक्मींनी स्कूटरचं दुसरं हेल्मेट तिच्या हातात कोंबलं. "चल. विचार गाडीवर बसून कर."

बालवाडीच्या दारात शिक्षिका हसतच पुढे आल्या. "आज मेलातीची फारच चौकशी बाई. सकाळी तिच्या काकांचा फोन होता, इथेच येते का म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे दोन मेलाती आहेत, तुमची कुठली? सुराबायाची म्हणाले."

"मग तुम्ही?"

"हो म्हटलं. का, काही चुकलं का?"

मेलाती चटईवर डबा खात होती. वेनिंगने तिला तशीच उचलली. तोंडात भात, हातात चमचा. लेकीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. सकाळी वेणी घालताना आपण तिच्यावर उगाच चिडलो, हे वेनिंगला आता आठवलं.

"आई, डबा संपला नाही."

"राहू दे, राणी."

"कुठे जायचंय?"

"माझ्या बहिणीकडे, डोंगरात. तिच्याकडे ससे आहेत," बू रुक्मी गाडी सुरू करत म्हणाल्या.

दोघींच्या मध्ये मेलाती घट्ट बसली. वळणावर सुराबायाच्या क्रमांकाची एक मोटार समोरून हळूहळू आली, पाट्या वाचत वाचत. वेनिंगने लेकीचं तोंड बूंच्या पाठीवर दाबून धरलं.

"आई, माझे बूट तिथेच राहिले."

"शू," वेनिंग म्हणाली. बू रुक्मींनी गाडीचा वेग वाढवला.