लवूकाकांचं लाल बटण

दहिसरची चाळ पाडून टॉवर उठला, लवू परब सातव्या मजल्यावर राहायला गेले, पण मोबाइलवर फोन घेण्यापलीकडे त्यांनी बोट लावलं नाही. मुलाने, राजेशने, दोन वर्षं डोकं फोडलं. वीजबिल घरबसल्या भरता येतं, म्हणाला. काका म्हणाले, मग मी दिवसभर करू काय? सवलती सांगितल्या, कुपनं दाखवली. काका ढिम्म. या कंपन्या जाहिरातींवर एवढा पैसा कशाला उधळतात, देव जाणे. माणसाचे बांगडे बंद करा, झक मारत ॲप घेतो.

झालंही तसंच. सोसायटीने गेटसाठी ॲप आणलं. कुणी आलं की वॉचमन फोटो पाठवणार. घरच्याने हिरवं बटण दाबलं तर माणूस वर, लाल दाबलं तर चालता हो. परबांकडचे फोटो जायचे राजेशच्या मोबाइलवर, अंधेरीच्या ऑफिसात. आणि दर बुधवारी मढहून येणारी शकु कोळीण, चाळीपासून काकांच्या दारात टोपली उतरवणारी, गेटवर ताटकळायची. सलग दोन बुधवार राजेश मीटिंगमध्ये होता. शकुने वॉचमनपाशी निरोप ठेवला की पुढच्या बुधवारी शेवटचं येईन, मग तुमची सोसायटी तुम्हाला लखलाभ.

काका हादरले. त्याच संध्याकाळी त्यांनी सून निधीपुढे मोबाइल धरला. ॲप चढलं. काकांनी बटणांची दहादा उजळणी केली.

बुधवारी सकाळी आठपासून काका मोबाइल मांडीवर घेऊन बसले. पहिला फोटो आला पाण्याच्या फिल्टरवाल्याचा. वनमालाकाकू म्हणाल्या, लाल दाबा. काकांचं बोट काही तिकडे वळेना.

"दारात इलेल्या माणसाक जा म्हणू? माझ्याच्यान नाय होवचा."

हिरवं. मग विमेवाली आली, हिरवं. गाद्या विकणारे दोघे आले, दोघांनाही हिरवं. साडेदहापर्यंत हॉलमध्ये चौघं बसली होती आणि काकू तिसऱ्यांदा चहा टाकत होत्या, तोंडाचा पट्टा चालूच.

अकराला शकु आली. हिरवं असं दाबलं, की बटण आत जायचं बाकी राहिलं. टोपली उतरली, बांगडे चांदीसारखे. काकांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण फिल्टरवाला निघाला वेंगुर्ल्याचा, विमेवाली देवगडची. दोघांनी वाकून कल्ले बघितले आणि एकदम आशेने काकांकडे पाहिलं. आता घरात आलेल्या माणसासमोर टोपली स्वतःकडे ओढायची, ही परबांची रीत आहे का? काका म्हणून गेले, घ्या, घ्या, संकोच करू नका. मेल्यांनी खरंच केला नाही. गादीवाल्यांनी उरलेले घेतले. शकु खूश होऊन रिकामी टोपली घेऊन गेली, दर बुधवारी येते म्हणाली.

चौघं गेली. काकूंनी डाळीचा कुकर लावला. त्याची शिट्टी काकांना फार झोंबली. इतक्यात मोबाइल पुन्हा वाजला. काका असे पेटले होते की चष्माही लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा लाल बटण, अंगठ्याने, दातओठ खाऊन. कारण काय, असं ॲपने विचारलं. तिथेही पहिलं जे दिसलं ते दाबलं. कसं मोकळं वाटलं.

दोन मिनिटांत काकूंचा फोन वाजला. निधीचे वडील, मुलुंडचे जयवंतराव, गेटवरून बोलत होते. परबांकडे दोन बुधवार मासे नाहीत असं लेकीकडून कळलं, म्हणून पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन सुरमई आणली होती.

काका लिफ्टचीही वाट न बघता बनियनवर सात मजले उतरले. व्याही रिक्षात बसलेले, मांडीवर पिशवी, पिशवीतून शेपूट बाहेर. काकांनी हात जोडले. चुकून लाल दाबलं, म्हणाले.

"लाल दाबलंत त्याचं काही नाही हो," जयवंतराव म्हणाले. "पण वॉचमनने मला कारण वाचून दाखवलं. ओळखत नाही."