ड्रायव्हरसाहेबांची दहा वाक्यं

चुका काढणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. आमचे हे सगळ्यांना सांगत सुटायचे, की लग्नाआधी हिला पत्र लिहिलं तर हिने ते शुद्धलेखन सुधारून परत पाठवलं. थट्टा होती, पण पुरती खोटी नव्हती. शाळेतून निवृत्त झाले तरी खोड गेली नाही, म्हणून लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. आठवड्यातून तीन दुपारी, तीन ते पाच. नऊ विद्यार्थी, सगळे पोटापाण्याला लागलेले, आणि खालच्या इस्त्रीच्या वाफेने सगळेच डुलक्या काढणारे.

एकच माणूस कधी डुलकी घ्यायचा नाही. तो बस चालवायचा. खाकी गणवेशातच यायचा, फळ्यासमोरच्या बाकावर बसायचा आणि एकेक अक्षर वहीत उतरवून घ्यायचा. आम्ही सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचो. डेपोत टेबलावरच्या जागेसाठी परीक्षा होती आणि तीत इंग्रजीचा पेपर होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाला स्टिअरिंग सोडून टेबल का हवं, हे मी विचारलं नाही. कंबर दुखत असेल, असं आपलं धरून चालले.

चार महिन्यांपूर्वी मी वर्गात मस्ट, शुड, कॅन, मे ही मंडळी शिकवली. मग त्यांचे अर्धवट भाऊबंद, म्हणजे नीड, डेअर, ऑट टू, यूज्ड टू. यांना मी घरजावई म्हणते, कारण ना धड घरचे, ना धड दारचे. कधी साध्या क्रियापदासारखे वागतात, कधी मानपान मागतात. वर्ग हसला. मग नेहमीचा गृहपाठ दिला, दहा वाक्यं. आणि नेहमीची अट घातली, की वाक्यं आपल्या आयुष्यातली हवीत, गाईडातली चालणार नाहीत. ही अट मी तीस वर्षं घालते आहे. ती कोणी पाळत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

परवाच्या सोमवारी उजळणीचे प्रश्न काढायला मी ड्रायव्हरसाहेबांची वही मागून घेतली, अक्षर मोत्यासारखं म्हणून. वही देताना ते म्हणाले, की बुधवारपासून त्यांची ड्यूटी बदलली आहे. इतके दिवस हातापाया पडून सकाळची पाळी मिळवत होते, आता तक्त्यात संध्याकाळ लागली. वर्ग सुटला की थेट पावणेसहाची बस. मी म्हटलं, बरं झालं, वर्ग तरी बुडणार नाही.

बुधवारी सकाळी चहा घेताना वही उघडली. ती दहा वाक्यं समोर आली. इथे आपल्याच भाषेत सांगते. मला सकाळी चांगलं दिसतं. पूर्वी मला अंधारातही समोरच्या बसचा नंबर वाचता यायचा. आता दिवे लागले की वाचता येत नाही. मी हे ऑफिसात सांगायला हवं. सांगायची माझी हिंमत होत नाही. माझ्या बायकोला हे कळता कामा नये. मला टेबलावरची जागा मिळालीच पाहिजे. एखादा माणूस अचानक रस्त्यात येऊ शकतो. तो मला कदाचित दिसणार नाही. मी त्याला मारून बसेन.

हिंमतीच्या वाक्यात एक जास्तीचा शब्द होता, तो मी लाल पेनाने खोडला होता. दुसरी एक चूक काळाची. खाली दहापैकी आठ. आणि शेवटच्या तीन वाक्यांसमोर, माझ्याच हातचं, वळणदार: छान! शक्यता उत्तम दाखवली आहे.

ते पान मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अशी पानं मी डोळे झाकून तपासते, त्याचा मला अभिमान होता. क्रियापद बरोबर, पुढे चला. माणूस काय सांगतो आहे हे बघायला तिथे थांबतं कोण? दुपारपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते, की हे नुसतं गृहपाठाचं असेल. पण खोटं लिहिणारा माणूस इतकं साधं लिहीत नाही, हे तीस वर्षांत मला कळलं होतं.

त्या दुपारी मी काय शिकवलं, आठवत नाही. हल्ली दिवस लहान झालेत, पाचलाच खिडकीबाहेर उजेड मळकट झाला होता. वर्ग सुटल्यावर त्यांना थांबवलं आणि वही उघडून पुढे केली. विचारलं, हे खरं आहे का.

ते गोंधळले. चिडलेही नाहीत आणि घाबरलेही नाहीत, मीच काहीतरी विसरले असावे तसे बघत राहिले.

"बाई, खरंच आहे की. तुम्हीच म्हणाला होतात आयुष्यातलं लिहा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सांगितलं ना तुम्हाला. कुणाला तरी सांगायचं होतं, बायकोला सांगवेना. रात्रभर डिक्शनरी घेऊन बसलो होतो. तुम्ही वाचून छान लिहिलंत. मला वाटलं, बाई शिकलेल्या आहेत, त्या म्हणतायत थोडे दिवस चालेल. म्हणून चालवली."

चार महिने तो माणूस माझ्या भरवशावर गाडी चालवत होता. मला रडू आलं ते त्याच्यासाठी नव्हतं, स्वतःच्या लाजेने होतं.

मी म्हटलं, आज बस न्यायची नाही. ते म्हणाले, परीक्षा दीड महिन्यावर आहे, तेवढं निभावून नेतो. रस्ता पाठ आहे, कंडक्टर हुशार आहे, पुढे काही आलं की घंटी मारतो. मी म्हटलं, रस्ता पाठ असतो, माणसं पाठ नसतात. त्यांनी वही मिटली. मग एवढंच म्हणाले, की बाई, हे तेव्हाच बोलला असतात तर सोपं गेलं असतं, तेव्हा मी मनाची तयारी करून लिहिलं होतं. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.

डेपोपर्यंत आम्ही चालत गेलो. रस्त्यावरचे दिवे लागत होते. पदपथाची पायरी आली की त्यांचा पाय आधी जरासा चाचपडायचा, आणि मी उगाच हवापाण्याच्या गोष्टी करत होते.

डेपोच्या ऑफिसात ड्यूटी लावणारे साहेब तक्त्यावर वाकलेले होते. पावणेसहाची बस फाटकाशी उभी होती, आत माणसं चढत होती. ड्रायव्हरसाहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सरळ सांगून टाकलं, की संध्याकाळनंतर मला दिसत नाही, आज दुसरा माणूस पाठवा. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी राखीव ड्रायव्हरला हाक मारली, बस मार्गी लावली, आणि मग कागद पुढे ओढला. कधीपासून, म्हणून विचारलं. पाच महिने, असं उत्तर आलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पाच महिने पन्नास-साठ माणसं घेऊन फिरताय आणि कुणाला सांगावंसं वाटलं नाही, ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. हे लपवणं कागदावर आलं तर टेबल सोडा, नोकरीच राहायची नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना समजत होतं.

"कुणालाच सांगितलं नव्हतं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

ड्रायव्हरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही साहेब. कुणालाच नाही."

मी कोण, कशाला आले, हे साहेबांना अजून माहीत नव्हतं. गप्प राहिले असते तर माझं नाव कुठे आलं नसतं.

"त्यांनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी, लेखी. मला. मी नुसत्या चुका तपासल्या, वाचलं नाही. हे लिहून घ्या."