सुरेख टाके

गोळ्या सुरू झाल्यापासून शिंप्याच्या कानातली कुजबुज थांबली होती. पण हात थरथरू लागला आणि पोट असं सुटलं की, स्वतःचीच विजार उसवून सैल करावी लागली.

सुईत दोरा जाईना, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "आजपासून गोळी बंद. थरथरत्या हाताचा शिंपी कुणाला हवाय?"

"मागे बंद केलीत, तेव्हा गिऱ्हाइकांच्या कोटांचे सगळे खिसे शिवून टाकलेत. आत कुणीतरी ऐकत बसलंय म्हणे!"

तो ओशाळला.

"टाके मात्र सुरेख होते हो," ती म्हणाली. "उसवताना माझी बोटं सोलली."

त्यानं तिच्या बोटांकडे पाहिलं.

"थरथरीचं उद्या डॉक्टरांच्या कानावर घालू," म्हणत त्यानं गोळी गिळली.

तिनं सुई ओवून त्याच्या हातात दिली.