टिंब राहिलं होतं

दादाचे हात दगडासारखे झाले ते माझ्यामुळं का? हा प्रश्न मला अजून पडतो.

मी एक हातोडा बोलतोय. अक्षरं कोरायचा, लहानसा. दादाकडं दोन हातोडे होते. मोठ्याला तो थोरला म्हणायचा, मला धाकटा. म्हणून तो माझा दादा आणि त्याची बायको माझी वहिनी. एवढं नातं मला पुरलं.

दादा घरांच्या पाट्या कोरायचा. पत्र्याची शेड, कोरडा दगड. मी ठोकायचो, छिन्नी चालायची आणि दादा फुंकर मारून अक्षर मोकळं करायचा. भुकटी परत त्याच्याच नाकातोंडात जायची. आम्हाला त्याची गंमत वाटायची! टिंब मात्र तो सगळ्यात शेवटी द्यायचा. "टिंबाला घाई केली की दगड उडतो," म्हणायचा. त्याचं एकही टिंब चुकलेलं मी पाहिलं नाही. फार सुखाचे दिवस होते.

एका थंडीत त्याची बोटं पांढरी दिसायला लागली.

"अहो, हात धुऊन या की," वहिनी म्हणायची.

"धुतलेत!"

"हे धुतलेले? मग मळलेले कसे असतात?"

दादा हसत पुन्हा नळाखाली जायचा. गार पाण्यानं बोटं आणखी पांढरी व्हायची. दगडाची भुकटी समजून दोन हिवाळे ती दोघं आजारच धूत बसली.

मग कातडी ताठ झाली. मूठ मिटेना, मी निसटायला लागलो. वहिनीनं माझ्या दांड्याला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली.

"धाकट्याचं पोट सुटलं बघ," दादा म्हणाला. तसंच धरून त्यानं स्वतःच्या घराची पाटी कोरायला घेतली: 'आमचं घर'.

पाटी होत आली तेव्हा वहिनीनं त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी त्याच्या पिशवीतच होतो. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, "काम काय करता?" मग आजाराचं नाव सांगितलं, सिस्टेमिक स्क्लेरोसिस; यात कातडी ताठ होते, पुढं फुप्फुसंही. "ज्यांच्या श्वासात दगडाची बारीक धूळ जाते, त्यांना याचा धोका जास्त. तुम्हाला त्यामुळंच झाला का, हे छातीठोक सांगता येणार नाही. पण धुळीत आता जायचं नाही."

दादानं शेडमधल्या सगळ्यांना दगड ओला करून कोरायला लावलं, मास्क बांधायला लावले. स्वतः घरी बसला.

"पाटीचं टिंब तेवढं देतो गं."

"काही नको. टिंबावाचून घर पडत नाही."

त्याचा श्वास तोकडा होत गेला. एका दुपारी थांबला. मला दगडावर डोकं आपटून घ्यायचं होतं. पण हातोड्यालाही कुणाचा तरी हात लागतो.

आता मी खिडकीत असतो. पट्टी तशीच आहे, तिच्यावर त्याच्या घामाचा डाग आहे. मी बरा आहे. शेडमधून हल्ली पाण्याचा आवाज येतो, तो ऐकला की बरं वाटतं.

काल वहिनीनं पाटी पुढ्यात ओढली. "आमच घर!" ती मोठ्यानं वाचून हसली, मग रडली. तोंडाला मास्क बांधला, दगडावर तांब्याभर पाणी ओतलं, छिन्नी टेकवली आणि मला उचललं.

मी घाई केली नाही. हलके हलके ठोके दिले. वहिनी सवयीनं फुंकर मारायला वाकली, थांबली, आणि पाण्यानंच धुतलं.

टिंब नीट बसलं होतं.