नव्वद दिवसांची माफी

लिटरमागे दहा रुपये, महिन्याला शंभर लिटर, म्हणजे हजार. आणि माफी तीन महिन्यांची, म्हणजे तीन हजार. सिंधूताई गजभिये यांचा फायदा इतका सरळ होता की त्याला कागद-पेन्सिलही लागत नव्हती. तरी त्यांनी तो तीनदा मोजला. तीन हजार तीनदा मोजले की आनंद नऊ हजारांचा होतो.

बातमी आली तेव्हा त्या चहा गाळत होत्या. सरकारनं पेट्रोलवरचा आपला कर तीन महिन्यांसाठी थांबवला होता. एक एप्रिलच्या सकाळी सहापासून एकशे अठराचं पेट्रोल एकशे आठला मिळणार होतं.

"ऐकून राहिले का?" त्या आतल्या खोलीकडे ओरडल्या. "दहा रुपये उतरले!"

"मंग आता झोपू दे नं," आतून रुपराव म्हणाले.

व्हॅन पूर्वी रुपराव चालवत आणि चालवता चालवता डुलक्या घेत. दोन दुभाजक आणि एक पानठेला झाल्यावर स्टीअरिंग बायकोनं हाती घेतलं. आता ते डुलक्या घरीच घेतात. त्याला पेट्रोल लागत नाही.

सात वर्षं सिंधूताई रामेश्वरीतल्या सात बाया सकाळी हिंगण्याच्या एमआयडीसीत सोडत होत्या आणि संध्याकाळी परत आणत होत्या. बाईमागे महिन्याला दोन हजार. हा दर ठरला तेव्हा पेट्रोल एकशे चार होतं. एकशे अठराला तो परवडेना. एक तारखेपासून दोनशे वाढवायचे असं सिंधूताईंनी मनात पक्कं केलं होतं आणि ते तोंडाबाहेर कसं काढायचं याची आठ दिवस आरशासमोर तालीम चालली होती. प्रत्यक्षात सांगितलं होतं एकट्या जिजाबाईंना, कारण अडचण तिथंच होती. जिजाबाई सत्तावन्न वर्षांच्या, सातांत वयानं मोठ्या, पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या आणि डाव्या गुडघ्यानं अधू. ड्रायव्हरशेजारची सीट त्यांची. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदरानं तोंड पुसत म्हटलं, "बावीसशे मले नाही जमत, बाई. माही सीट दुसरीले देजो."

ना तक्रार, ना रडगाणं.

आणि आता ही माफी! वाढ रद्द, जिजाबाई गाडीत, वर तीन हजार खिशात. सिंधूताईंना यायचे पैसे हातात येईपर्यंत दम धरवत नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी व्हॅन वेल्डिंगवाल्याकडे नेली. पुढच्या सीटची पटरी गंजून अडकली होती, त्यामुळे जिजाबाईंचा गुडघा रोज डॅशबोर्डला टेकून यायचा. नवी पटरी चोवीसशे. "लाव," सिंधूताई म्हणाल्या. अजून न वाचलेल्या तीन हजारांतले चोवीसशे असे पहिल्याच दिवशी गेले.

एक एप्रिलला सकाळी सात वाजता जिजाबाई सीटवर बसल्या. सिंधूताईंनी खालचा दांडा ओढला, खट् आवाज आला आणि सीट सरकून मागं गेली. जिजाबाईंनी पाय लांब केला. पूर्ण लांब. त्या पायाकडे अशा बघत राहिल्या की जणू तो कुणा पाहुणीचा आहे.

"पहा वं, मावशी तं महाराणी झाल्या!" मागून शोभाताई ओरडल्या. "आता पंखा हालवाले एक बाई ठेवा!"

गाडी हसत हसत निघाली आणि प्रतापनगरच्या रस्त्यावर, पंप समोर दिसत असताना, दोन आचके देऊन थांबली.

"काहून थांबवली वं ताई?" दीक्षानं विचारलं. दीक्षा तेवीस वर्षांची, कंपनीत माल तपासायला होती आणि गाडीत सगळ्यांचे हिशेब तपासायची.

"मी कायले थांबवू? तेच थांबली."

"टाकीत किती हाये?"

सिंधूताईंनी काट्यावर हात ठेवला. नव्या भावानं भरायचं म्हणून दोन दिवस त्यांनी गाडी रिझर्व्हवर रेटली होती.

"दोन दिवस उपाशी ठेवली अन् आता म्हणते पळ!" शोभाताई दार उघडून उतरल्या. "चला वं पोरीहो, लावा जोर. आज पेट्रोल सस्तं हाये, बाया फुकट हायेत!"

सहा बाया मागून लागल्या. जिजाबाईंनीही पाय गोळा केला.

"तुम्ही बसा नं मावशी."

"मले बसवून ढकलाल? वजन तं कमी होऊ द्या." आणि त्या एक हात खिडकीवर ठेवून, गाडी आपणच ओढत असल्यासारख्या, शेजारून चालू लागल्या.

पंपावर जत्रा होती. कुणी बुंदी वाटत होतं. दुचाक्यांची रांग फुटपाथवर चढली होती. बायांनी ढकलत आणलेल्या व्हॅनचं लोकांनी शिट्ट्या वाजवून स्वागत केलं आणि रांगेतून वाट दिली. पुढचा मोटरसायकलवाला नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "शंभरचं टाक."

"काका, आज तरी फुल करा," पंपावरची पोरगी म्हणाली.

"खिशात शंभरच हाये तं फुल कोठून करू?"

शंभरात त्याला कालपेक्षा ऐंशी मिली जास्त मिळालं. खोकल्याच्या औषधाची बाटलीही तेवढ्यानं भरत नाही, पण माणूस शीळ घालत गेला.

टाकी भरली. गाडी हिंगणा रोडला लागली आणि दीक्षानं मोबाइल काढला.

"ताई, महिन्याले किती लिटर लागते?"

"कायले पाहिजे तुले?"

"शंभर समजा. म्हंजे हजार वाचले. भागिले सात... एकशे बेचाळीस. आमचे एकशे बेचाळीस कमी करा."

"अन् मी दोनशे वाढवणार होती, ते नाही वाढवले, ते?"

"कोणते दोनशे?" सहा आवाज एकदम आले. न मागितलेली वाढ रद्द केली म्हणून सिंधूताईंचे आभार कोण मानणार! त्या शहाण्या होत्या, पण आरशासमोर बोललेलं आरशालाच माहीत असतं.

"टायर कोण पाहीन? ऑइल कोण पाहीन?"

"ताई, टायरवरचा टॅक्स कमी झाला का? नाही नं. मंग ते जुनंच हाये."

सगळे बोलले, एकदम बोलले. शेवटी जिजाबाई वळल्या. "शंभर कमी कर, सिंधू. जास्त नोको. तुलेबी घर हाये."

एकोणीसशे ठरले. टाळ्या पडल्या. सिंधूताईंच्या हजारातले तीनशे उरले, तरी त्याही हसत होत्या. गाडीत सगळ्यांना काहीतरी मिळालं होतं, अशी सकाळ सात वर्षांत पहिलीच.

दहा तारखेला पगार झाला. बायांना कंपनीत कामाला लावणारा ठेकेदार विक्की मागच्या वर्षी पेट्रोल चढलं तेव्हापासून बाईमागे तीनशे रुपये येण्याजाण्याचा भत्ता देत होता. पाकिटात या वेळी शंभरच निघाले.

"दादा, दोनशे कुठं गेले गा?" शोभाताईंनी विचारलं.

"अरे मावशी, पेट्रोल सस्तं झालं नं? भत्ता पेट्रोलसाठीच होता." विक्की मनापासून खूश होता. "सरकारनं तुमचंबी काम केलं, माहंबी केलं."

माफीचे महिन्याला हजार रुपये सिंधूताईंच्या गाडीत आले होते. त्यावर बोट दाखवून विक्कीनं सात पाकिटांतून महिन्याला चौदाशे काढले. हे गणित शाळेत सुटत नाही, ठेकेदारीत सुटतं.

एक जुलैला सकाळी सहाला पेट्रोल परत एकशे अठरा झालं. कर अगदी वेळेवर परत आला. भत्ता आला नाही. "कंपनीशी बोलून राहिलो," विक्की म्हणाला, आणि अजून बोलून राहिला आहे. पंपावर कुणी बुंदी वाटली नाही. आता सिंधूताईंना बावीसशे सांगावेच लागले. या वेळी आरसा नव्हता; स्टीअरिंगकडे बघून सांगितले. बाया कुरकुरल्या आणि कबूल झाल्या.

संध्याकाळी सगळ्या उतरल्यावर त्यांनी जिजाबाईंना थांबवलं. "मावशी, तुमचे एकोणीसशेच. कोणाले सांगू नका."

"अन् दीक्षानं विचारलं तं? तिले खोटं सांगू?"

"अवं, तुम्ही बसा की नोका बसू, पेट्रोल तेवढंच जळते."

"मंग पैसे देणारी बसव." जिजाबाईंनी डबा काखेत घेतला. त्यांचं ठरलेलं होतं. "आता नुसती सकाळची येतो. अर्धे, म्हंजे अकराशे घे. सकाळी लेट झालं तं हजेरी कापते. संध्याकाळी मले कोण कापते? मेन रोडवरून एसटी भेटते, बायाइले अर्धं तिकीट हाये."

कंपनीपासून मेन रोड अडीच किलोमीटर आहे, हे दोघींनाही माहीत होतं.

नुसत्या संध्याकाळपुरती दुसरी बाई मिळत नाही. म्हणून सुटी झाल्यावर व्हॅन पुढची सीट रिकामी घेऊन निघते. सीट अजून पूर्ण मागं सरकवलेली आहे; दांडा ओढून ती पुढं घेण्याचं कुणाला सुचलेलं नाही. गोडाउनच्या वळणावर जिजाबाई दिसतात, डबा काखेत, रस्त्याची कड धरून. पहिल्या संध्याकाळी सिंधूताईंनी गाडी हळू केली. मागच्या सहाजणी खिडकीतून ओरडल्या, "मावशी, बसा नं!"

जिजाबाई थांबल्या नाहीत. "चाल वं, कायले पेट्रोल जाळून राहिली?" म्हणून त्यांनी हातानं पुढचा रस्ता दाखवला, चौकातला पोलीस दाखवतो तसा.

नव्वद दिवसांचा हिशेब असा झाला. सरकारनं सोडले तीन हजार. बायांचे वाचले एकवीसशे, विक्कीनं त्यांच्याकडून घेतले बेचाळीसशे. सिंधूताईंना उरले नऊशे, पटरीला गेले चोवीसशे. बाकी राहिलं ते जिजाबाई चुकतं करतात, रोज संध्याकाळी अडीच किलोमीटर, डाव्या गुडघ्यानं.